परदेशातून कायमचे परतताना विश्वासार्ह आर्थिक सल्लागार कसा निवडावा?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. दीड दशकाहून अधिक काळ न्यू जर्सीत काढल्यानंतर आम्ही दोघे आणि आमची शाळकरी मुलगी या उन्हाळ्यात पुण्याला कायमचे परतत आहोत. नोकरी, शाळा आणि राहते घर हे प्रश्न मार्गी लागले आहेत. पैशाचा प्रश्न मात्र तसाच आहे. तिथे आमची ४०१-के, म्हणजे नोकरीतील निवृत्ती बचतीची, खाती आहेत, कंपनीकडून मिळालेले शेअर आहेत, ब्रोकरकडे काही फंड आहेत. इथे एनआरई (परदेशातील कमाईच्या अनिवासी खात्यातील) मुदतठेवी आहेत आणि कोथरूडच्या फ्लॅटचे भाडे जमा होते ते एनआरओ (भारतातील उत्पन्नाचे अनिवासी) खाते आहे. आम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड आहे आणि मुलगी जन्माने अमेरिकेची नागरिक आहे.

सल्लागाराची चौकशी सुरू केल्यावर नातेवाईक व मित्रांकडून तीन नावे आली. पहिले गृहस्थ एका बँकेचे असून त्यांची सेवा पूर्णपणे मोफत आहे. दुसऱ्या बाई एकूण रकमेच्या १ टक्का वार्षिक शुल्क घेतात. तिसरे मावसभावाच्या ओळखीचे आहेत आणि ते १२ टक्के परताव्याची खात्री देतात. तिघेही बोलायला सज्जन वाटले, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. आयुष्यभराची बचत ज्याच्या सल्ल्याने हलवायची, त्याची पारख तासाभराच्या भेटीत कशी करावी? ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_खातेदार

तिसरे नाव आजच यादीतून काढून टाका. सेबीकडे, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी असलेल्या कोणत्याही गुंतवणूक सल्लागाराला परताव्याची हमी देता येत नाही, म्हणजे हमी देणारा एकतर नोंदणीकृत नाही किंवा नियम मोडतो आहे. दोन्ही परिस्थितींत त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

आता पहिल्या नावाविषयी. मी एका खासगी बँकेच्या अनिवासी ग्राहक विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आतून काय चालते ते सांगू शकतो. परदेशातून मोठी रक्कम खात्यात आली की ती शाखेला लगेच दिसते आणि थोड्याच दिवसांत आरएमचा (बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरचा) फोन येतो. ग्राहक शाखेत येतो, चहा येतो आणि समोर विमा योजनेच्या लाभाचा छापील तक्ता ठेवला जातो. त्या तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के अशा दोन गृहीत दरांचे रकाने असतात. आरएमचे पेन ८ टक्क्यांच्या रकान्यावरून खाली सरकत विसाव्या वर्षाच्या आकड्यापाशी थांबते. ४ टक्क्यांच्या रकान्याविषयी कोणी बोलत नाही. तो मुलगा वाईट नसतो. त्याच्या डोक्यावर महिन्याचे लक्ष्य असते आणि पहिल्या हप्त्यातला मोठा वाटा बँकेला कमिशन म्हणून मिळणार असतो. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या पारंपरिक विमा योजनांचा वार्षिक हप्ता एकूण ५ लाख रुपयांपेक्षा जास्त असेल तर मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त राहत नाही, ही गोष्टही त्या टेबलावर क्वचितच निघते. योजना घेतली गेलीच असेल तर दस्तऐवज हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याची सोय आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

म्युच्युअल फंडांचेही तसेच आहे. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन आहे आणि वितरकामार्फत घेतला तर तोच फंड रेग्युलर प्लॅनमध्ये मिळतो. वितरकाला फंड कंपनीकडून दरवर्षी ट्रेल कमिशन जाते, आणि ते शेवटी तुमच्याच परताव्यातून वजा झालेले असते. इक्विटी फंडात ते साधारण अर्धा ते एक टक्का धरा. २ कोटी रुपये रेग्युलर प्लॅनमध्ये आहेत आणि कमिशन पाऊण टक्का आहे असे मानले, तर वर्षाला दीड लाख रुपये जातात. त्याचे बिल येत नाही, म्हणून सेवा मोफत वाटते. माझे मत असे की सल्लागाराला पहिला प्रश्न ‘तुम्ही काय सुचवाल?’ हा विचारू नये. ‘माझ्या प्रत्येक रुपयामागे तुम्हाला कोण, किती आणि केव्हा देते?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी मागावे.

आकडेमोड

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे. वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण क्रमाविषयी थोडे लिहितो. परतणाऱ्या माणसाला आधी गुंतवणुकीचा सल्लागार लागत नाही, आधी कर आणि परकीय चलनाचे नियम जाणणारा माणूस लागतो. कोणता फंड घ्यायचा हा निर्णय वर्षभराने घेतला तरी फारसे बिघडत नाही. निवासी दर्जाचे गणित चुकले तर ते पुढे कितीही चांगला फंड घेऊन भरून निघत नाही.

निवासी दर्जा दोन कायद्यांत दोन प्रकारे ठरतो आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात तुमचा हेतू पाहिला जातो. कायमचे राहण्यासाठी परतलात की त्या दिवसापासून तुम्ही निवासी ठरता. मग एनआरई आणि एनआरओ खाती निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात, किंवा एनआरईतील रक्कम आरएफसी (निवासी व्यक्तीच्या परकीय चलन) खात्यात वळवता येते. आयकर कायद्यात मात्र दिवस मोजले जातात. आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षे तुम्ही अनिवासी असाल, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतातले वास्तव्य ७२९ दिवसांहून अधिक नसेल, तर तुम्हाला आरएनओआर हा मधला दर्जा मिळतो. तुमच्यासारख्यांना तो साधारण दोन, क्वचित तीन वर्षे मिळतो. त्या काळात परदेशातील उत्पन्नावर, ते भारतातून चालवलेल्या धंद्याचे नसेल तर, इथे कर लागत नाही. परदेशी शेअर केव्हा विकायचे, कोणते खाते केव्हा हलवायचे, हे सगळे या मुदतीभोवती आखावे लागते.

यावरून पारख करण्याची एक रीत सांगतो. ज्यांची उत्तरे तुम्ही आधी स्वतः तपासली आहेत असे दोन-तीन प्रश्न सल्लागाराला विचारा. उदाहरणार्थ, ‘आम्ही परतल्यावर एनआरई ठेवीचे व्याज मुदत संपेपर्यंत करमुक्त राहील ना?’ असे विचारा. बरोबर उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण ती सवलत फेमातील अनिवासी दर्जाशी बांधलेली आहे आणि परतल्याबरोबर ती संपते. आरएफसी आणि एफसीएनआर (अनिवासींच्या परकीय चलनातील) ठेवींचे व्याज मात्र आरएनओआर असेपर्यंत करमुक्त राहते. हा फरक जो न अडखळता सांगतो त्याने अशी प्रकरणे हाताळली आहेत. ‘तपासून कळवतो’ म्हणणाराही मला चालतो. ‘काही काळजी करू नका, राहते करमुक्त’ असे म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

साखरतर

मी आखातातून रत्नागिरीला परतलो, त्यामुळे माझे प्रकरण वेगळे होते. तिथे वैयक्तिक आयकर नसल्याने दोन देशांच्या विवरणपत्रांची झंझट नव्हती. पण आमच्याकडचा धोका निराळा आहे. आखातात नोकरी करणाऱ्यांना पंचवीस-पंचवीस वर्षांच्या बचत योजना विकल्या जातात. सुरुवातीच्या वर्षांतले हप्ते बहुतांशी शुल्कात जातात आणि मुदतीआधी पैसे काढले तर हातात फार थोडे येते. परतणाऱ्याने नवीन सल्लागाराकडे जाण्याआधी अशा योजनेचे कागद काढून, आज बंद केली तर नेमके किती मिळतील, हे कंपनीकडून लेखी मागवावे.

दुसरा धोका घरातला असतो. गावी आलो तेव्हा भाचा विमा प्रतिनिधी होता, शेजारी पतसंस्थेचे संचालक होते आणि वर्गमित्र जमिनीचे व्यवहार करीत होता. प्रत्येकाचे प्रेम खरे होते आणि प्रत्येकाकडे माझ्या रकमेसाठी एक योजना होती. पतसंस्थेतील ठेवीला बँकेप्रमाणे ५ लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण नसते, हे आमच्याकडे अनेक शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही, हे जमिनीचा मध्यस्थ शेवटपर्यंत बोलत नाही. परका सल्लागार शुल्क देऊन नेमण्याचा मला झालेला मोठा फायदा हा की नातेवाइकांना ‘आमच्या सल्लागारांना विचारून सांगतो’ असे म्हणता आले आणि कोणाचे मन न दुखावता नकार देता आला.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. जुना_खातेदार काका, एक शंका आहे. नोंदणीकृत सल्लागार आणि वितरक यांतला फरक कागदावर कसा ओळखायचा? ज्यांच्याशी बोललो त्यांतील बहुतेकांच्या पत्रिकेवर ‘वेल्थ’ हा शब्द आहे आणि नोंदणी क्रमांकही छापलेला आहे.

जुना_खातेदार

क्रमांकाची सुरुवात पाहा. सेबीच्या नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो. एआरएन हा म्युच्युअल फंड वितरकाचा क्रमांक असून तो फंड कंपन्यांची संघटना अ‍ॅम्फी देते. पत्रिकेवर विसंबून राहू नये. सेबीच्या संकेतस्थळावर मध्यस्थांची यादी आहे, तिथे नाव, क्रमांक आणि नोंदणीची वैधता स्वतः पडताळावी.

सल्लागारांसाठीचे नियम २०१३ साली आले आणि २०२० साली बरेच कडक झाले. एकाच ग्राहकाला सल्ला देणे आणि त्यालाच कमिशनवर उत्पादन विकणे, या दोन्ही गोष्टी तेव्हापासून एकत्र करता येत नाहीत, आणि ग्राहकाचे कुटुंबही त्यात धरले जाते. शुल्कावरही मर्यादा आहे. ठरावीक शुल्क घ्यायचे तर एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार रुपये, आणि मालमत्तेच्या प्रमाणात घ्यायचे तर जास्तीत जास्त अडीच टक्के. दुसऱ्या बाईंचा १ टक्का नियमात बसतो, पण ३ कोटींवर तो वर्षाला ३ लाख होतो. तुमच्याइतकी जमा असलेल्या कुटुंबाने ठरावीक शुल्काचाच आग्रह धरावा असे मला वाटते. टक्केवारी घेणाऱ्याला तुम्ही गृहकर्ज फेडावे किंवा घर घ्यावे असे सुचवणे जड जाते, कारण तेवढी रक्कम त्याच्या हिशेबातून कमी होते.

ईशान्य_कोपरा

मी स्वतः म्युच्युअल फंड वितरक आहे आणि इथली चर्चा थोडी एकतर्फी होते आहे असे नम्रपणे नमूद करतो. महिन्याला पाच हजारांची एसआयपी करणारा माणूस सल्लागाराचे वार्षिक शुल्क देऊ शकत नाही. त्याला केवायसीपासून नॉमिनी बदलण्यापर्यंत आणि बाजार पडला की धीर देण्यापर्यंत सगळे काम वितरक करतो. मी प्रत्येक ग्राहकाला पहिल्याच भेटीत माझे कमिशन किती ते सांगतो. कमिशन घेणारा तेवढ्यावरून अप्रामाणिक ठरत नाही, आणि आयएनए क्रमांक असलेला प्रत्येक जण जाणकारही नसतो.

जुना_खातेदार

तुमचे म्हणणे मान्य आहे, आणि कमिशन आधीच सांगणारे वितरक मी पाहिले आहेत. लहान बचतदाराला तुमच्यासारख्यांचीच गरज आहे. मुठाकाठ यांचे प्रकरण मात्र असे आहे की काही काळ काहीही न विकत घेणे हाच त्यांच्यासाठी योग्य सल्ला असू शकतो, आणि तो सल्ला देणाऱ्यालाही मोबदला मिळाला पाहिजे. कमिशनच्या व्यवस्थेत काही न घेण्याच्या सल्ल्याला मोबदला नाही. माझा आक्षेप व्यवस्थेवर आहे, व्यक्तींवर नाही.

पर्वतीपायथा

आम्ही इंग्लंडहून परतलो तेव्हा सेबीच्या यादीतून पुण्यातील काही नावे निवडली आणि त्यांतील तिघांना भेटलो. आमचा निर्णय ज्या गोष्टींवरून झाला त्या लिहिते.

एका सल्लागारांनी पूर्ण वेळ केवळ माझ्या नवऱ्याकडे पाहून उत्तरे दिली, जरी प्रश्न मी विचारत होते आणि पेन्शन माझी होती. तिथे आम्ही परत गेलो नाही. ताई, तुम्ही दोघेही भेटीला जा आणि तुम्हा दोघांनाही समजेल असे तो बोलतो का हे पाहा, कारण एक जण आजारी पडला तर दुसऱ्यालाच त्याच्याशी व्यवहार करावा लागणार आहे.

ज्यांना अखेर नेमले त्यांनी पहिल्या भेटीत एकाही फंडाचे नाव घेतले नाही. त्यांनी कराराचा मसुदा दिला, घरी नेऊन वाचायला सांगितले आणि आमचा जोखीम पेलण्याचा अंदाज घेणारी प्रश्नावली भरून मागितली. हे दोन्ही नियमानेच आवश्यक आहे, तरीही उरलेल्या दोघांकडून ते आपणहून आले नव्हते. करारात तीन गोष्टी बारकाईने वाचा. शुल्क किती आणि किती महिन्यांचे आगाऊ घेणार, मधेच करार मोडला तर उरलेले शुल्क परत मिळण्याची अट काय, आणि कामाची व्याप्ती कोणती. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘परदेशातील मालमत्ता वगळून’ असे शब्द होते. इंग्लंडमधील पेन्शन हाच तर आमचा मुख्य प्रश्न होता. आम्ही विचारल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितले की तिथल्या पेन्शनच्या नियमांवर सल्ला देण्याचा त्यांना अधिकार नाही आणि त्यासाठी तिथला नियंत्रित सल्लागारच घ्यावा लागेल. आपल्या कामाची सीमा स्वतःहून सांगणारा माणूस भेटल्यावर आम्ही शोध थांबवला.

शुल्क रोखीने मागणाऱ्याला नकार द्या. नियमाप्रमाणे ते बँकेमार्फतच घ्यायचे असते. तक्रारींची आकडेवारी प्रत्येक नोंदणीकृत सल्लागाराने आपल्या संकेतस्थळावर दर महिन्याला द्यायची असते, तीही पाहून घ्या.

आकडेमोड

पर्वतीपायथा यांचा व्याप्तीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून पुढे नेतो. सेबीचा अधिकार इथल्या रोख्यांपुरता आहे. अमेरिकेच्या करावरचा सल्ला चुकला तर त्याची तक्रार सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर करता येणार नाही. मुठाकाठ, तुम्हाला एकच सल्लागार पुरणार नाही. अमेरिकेतील विवरणपत्रांसाठी तिथला परवानाधारक लेखापाल म्हणजे सीपीए, इथल्या कर व फेमासाठी सीए आणि गुंतवणुकीसाठी नोंदणीकृत सल्लागार, असे तिघे लागतील आणि तिघांनी एकमेकांशी बोलले पाहिजे. ‘सगळे आमच्याकडेच होते’ असे म्हणणाऱ्याला नेमके कोण काय पाहते ते विचारा.

तुमच्या प्रकरणात हे का महत्त्वाचे आहे ते सांगतो. ग्रीन कार्ड हाती आहे तोवर अमेरिका तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर कर मागते, आणि भारतीय म्युच्युअल फंड तिच्या करनियमांत पीएफआयसी (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) या जाचक प्रकारात मोडतात. मुलगी नागरिक असल्याने तिच्या नावाने इथे फंड घेणेही त्याच जाळ्यात अडकते. इथल्या वितरकाने भल्या हेतूने सुचवलेली बालशिक्षणाची एसआयपी तुमच्या सीपीएच्या दृष्टीने डोकेदुखी ठरते. उलट, ग्रीन कार्ड सोडून भारतात स्थायिक झालात, तर अमेरिकी शेअर मागे ठेवून मृत्यू झाल्यास केवळ ६० हजार डॉलरपर्यंतच्या मालमत्तेलाच तिथल्या वारसा करातून सूट मिळते, कारण या कराबाबत दोन्ही देशांत करार नाही. दीर्घकाळ ग्रीन कार्ड बाळगलेल्याने ते सोडताना निर्गमन कराची तपासणीही करून घ्यावी लागते.

४०१-के बाबत १९६१ च्या आयकर कायद्यात ८९अ हे कलम आले. त्यानुसार खात्यातील वाढीवर दरवर्षी कर न लागता रक्कम काढताना लागावा असा पर्याय निवडता येतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या देशांतील खात्यांना ती सोय आहे. पर्याय एकदा निवडला की मागे घेता येत नाही, त्यामुळे तो आरएनओआर संपण्याच्या सुमारास विचारपूर्वक निवडायचा असतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. भेटीत सल्लागाराला नवे कलम विचारले तर त्याने अलीकडे हा विषय हाताळला आहे का हेही कळेल.

आरएनओआर संपल्यावर परदेशातील प्रत्येक खाते विवरणपत्राच्या एफए (परदेशी मालमत्ता) परिशिष्टात दाखवावे लागते आणि ते आर्थिक वर्षाप्रमाणे नव्हे तर जानेवारी ते डिसेंबर असे भरायचे असते. ते न भरल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्यानुसार १० लाखांचा दंड होऊ शकतो. घरजमीन वगळून परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे, पण तुमची त्याहून नक्कीच जास्त असेल.

मुठाकाठ

इतके नेमके मार्गदर्शन कुठेच मिळाले नव्हते. आम्ही असे ठरवले आहे की आधी सीपीए आणि सीए यांची एकत्र बैठक व्हिडिओवर घ्यावी आणि गुंतवणूक सल्लागाराची निवड पुण्यात पोहोचल्यावर, दोघांनी समोर बसून करावी. दुसऱ्या बाईंचा क्रमांक सेबीच्या यादीत सापडला. त्यांना ठरावीक शुल्काविषयी विचारले आहे. शेवटचे दोन प्रश्न. बँकेच्या गृहस्थांनी व्यवहार सोपे व्हावेत म्हणून मुखत्यारपत्र सुचवले आहे, ते द्यावे का? आणि निघण्यापूर्वीच उरकावे असे काही राहते आहे का?

जुना_खातेदार

मुखत्यारपत्र देऊ नये. सल्ला देण्यासाठी कोणालाही तुमचे पैसे हलवण्याचा अधिकार लागत नाही. नेटबँकिंगचा पासवर्ड, ओटीपी, सही केलेले कोरे फॉर्म आणि कोरे धनादेश यांनाही हाच नियम लावा. फ्लॅटच्या भाडेकरारासाठी लागत असेल तर तेवढ्याच कामापुरते मर्यादित मुखत्यारपत्र घरच्या माणसाच्या नावे करावे.

आकडेमोड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि म्हणूनच कर सल्लागार निघण्यापूर्वी नेमण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे. एफसीएनआर ठेव केवळ अनिवासी असतानाच उघडता येते. परतल्यानंतर ती ठरलेल्या व्याजदराने मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, पण नवी उघडता येत नाही. काही रक्कम डॉलरमध्येच ठेवायची असेल तर तो निर्णय विमानात बसण्यापूर्वी व्हायला हवा. त्याचप्रमाणे भारतातील पत्ता कळवल्यावर तुमचे अमेरिकी ब्रोकर खाते चालू ठेवू देतील का, नव्या खरेदीवर बंधन घालतील का, हे त्यांच्याकडून आत्ताच लेखी विचारून घ्या. प्रत्येक कंपनीचे धोरण वेगळे असते आणि खाते दुसरीकडे हलवायचे झाल्यास तिथल्या पत्त्यावर असतानाच ते सोपे जाते. पासपोर्टवरील येण्याजाण्याच्या सर्व शिक्क्यांच्या प्रती आणि मागील दहा वर्षांचा भारतातील वास्तव्याचा तक्ताही तयार ठेवा. पहिल्या बैठकीत सीए तोच आधी मागेल.